यात्रेला नको, आषाढात या

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी ४७ वर्षांचा आहे. गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या डोंगरात. वडील मुंबईला मशीद बंदरात माथाडी कामगार होते. निवृत्तीनंतर ते गावी येऊन राहिले आणि २०२१च्या मे महिन्यात गेले. विमानं बंद होती, मला येता आलं नाही. आई ७४ वर्षांची, गावातच असते. मोठा भाऊ शेजारीच राहतो, शेती तोच बघतो. बहीण कराडला दिली आहे. मी १७ वर्षं परदेशात आहे, त्यातली १४ कॅनडात, कॅलगरीला. पासपोर्ट भारतीयच आहे, कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आहे. मुलगी १३ वर्षांची, जन्म तिथलाच. आता आईसाठी कायमचं परतायचं मनात आहे. जुनं घर पाडून चांगलं बांधायचं, कॉम्प्युटरवरचं काम गावातूनच करायचं, जमलं तर दोन खोल्या पर्यटकांसाठी काढायच्या. पत्नी नागपूरची आहे, तिची हरकत नाही. मुलगी लहान आहे, रुळेल. पण भावाला हे सांगितल्यापासून तो तुटक बोलतो. मी चुकतोय का?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मूळ पत्र पाच पानांचं आहे, त्यातलं दीड पान घराबद्दल आहे. जोतं घडीव दगडाचं, पश्चिमेला मोठी खिडकी, खिडकीतून समोरची डोंगराची सोंड दिसावी, हे सगळं तुम्ही फार जीव लावून लिहिलं आहे. पत्नीला एक वाक्य मिळालं, मुलीला एक. आणि जिच्यासाठी हे सारं करायचं ती आई पहिल्या परिच्छेदात येते आणि नंतर दिसत नाही. ‘आई म्हणाली’ असं एकही वाक्य मला सापडलं नाही. दोष द्यायला हे सांगत नाही. पत्रात जे राहून गेलं, बोलायला सुरुवात तिथूनच करावी लागेल, म्हणून सांगते.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या काठचं. तुमच्या डोंगराची पलीकडची बाजू म्हणा. त्यामुळे तुमची ओढ मला परकी नाही. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळाचा वास, पहिल्या वळवानं जागा झालेला ओढा, चुलीपाशी वाळत घातलेली घोंगडी, हे कॅलगरीच्या बर्फात आठवत असेल तर जीव तुटणारच. परतायचं मनात आलं यात चूक काहीच नाही. पण तुम्ही तीन गोष्टी धरून चालला आहात आणि त्या तिन्ही मला जरा ठोकून पाहाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे ‘आईसाठी’. वडील गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. त्या वर्षी कॅनडानं २२ एप्रिलपासून भारतातून येणारी थेट विमानं बंद केली होती, अनेक लोक असेच अडकले. पुढे दोनच महिन्यांनी, जुलैच्या २२-२३ तारखेला, महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या पाटणमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर कडे कोसळले, पलीकडे महाडजवळ तळीये गाव गाडलं गेलं. फोन लागत नव्हते. वडिलांना जाऊन दोन महिने झालेले आणि आई त्या पावसात एकटी, ही रात्र तुम्ही हजारो मैलांवर कशी काढली असेल याची कल्पना मी करू शकते. पत्रात तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे. मला वाटतं, सगळं पत्र त्या ओळीतून निघालं आहे.

पण त्या वर्षाचं न येणं आताच्या येण्यानं भरून निघणार नाही. ते दुःख वेगळं आहे, त्याला वेगळी जागा द्यायला हवी. त्याची भरपाई म्हणून गावी आलात, तर आईच्या प्रत्येक खोकल्याशी आणि भावाच्या प्रत्येक बोलण्याशी तो हिशोब जोडला जाईल. वर्षश्राद्धाला तरी आला होतात का? नसाल, तर आधी नुसते त्यासाठी या. भावाबहिणीबरोबर बसा आणि शेवटचे दिवस कसे गेले ते त्यांच्या तोंडून ऐका. ते ऐकणं अजून बाकी आहे, असं मला पत्रावरून वाटतं.

आणि आईला विचारा. ‘मी येतोय’ हे सांगणं झालं. ‘मी येऊ का? आलो तर तुला कसं हवं?’ हे विचारणं राहिलं आहे. ७४ वर्षांच्या बाईला जुनं घर पाडायचंय का? ज्या माजघरात तिचं आयुष्य गेलं, ज्या परड्यात ती अजून अळू लावत असेल, ते सगळं वर्ष-दीड वर्ष बांधकामाच्या धुळीत गेलं तर तिचे ते दिवस कुठे जायचे? कदाचित तिला हवंय ते साधं असेल. अंगणाला कठडा, आत संडास-बाथरूम, आणि महिन्यातून एकदा साताऱ्याच्या डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी. आता तिला डॉक्टरकडे कोण नेतं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. कराडची बहीण नेत असेल, असा माझा अंदाज. तिला फोन करा. आईची खरी तब्येत, आईचा खरा स्वभाव आणि आईची खरी इच्छा यांची माहिती बहुतेक घरांत लेकीकडे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘परत’ हा शब्द. तुम्ही १७ वर्षांपूर्वी जे गाव सोडलंत ते त्या जागेवर थांबून राहिलेलं नाही. भाताची खाचरं वर्षाला दोन-चार अशी पडीक पडत गेली, कारण आवण, म्हणजे भातलावणी, करायला माणसं नाहीत आणि जे पिकतं ते रानडुकरं आणि गवे ठेवत नाहीत. शाळेतली पोरं कमी झाली. उलट जमिनीला भाव आला. ‘नवीन महाबळेश्वर’ या नियोजित गिरिस्थान प्रकल्पात जावळी, सातारा, पाटण या तालुक्यांतली बरीच गावं धरली आहेत आणि त्याचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तेव्हापासून डोंगरात दलालांच्या गाड्या फिरतात. तुम्ही बालपणाच्या गावात जाणार नाही आहात. तुमच्या नावाची ओळख असलेल्या एका नव्या गावात जाणार आहात. हे पचलं, तर पुढचं पुष्कळ सोपं जाईल.

भावाच्या तुटकपणाकडेही याच उजेडात पाहा. तुम्ही पैसे पाठवलेत, त्यावर घर उभं आहे हे खरं. पण १७ पावसाळे कौलं त्यानं शाकारली, बांध त्यानं घातले, मयतीला आणि लग्नाला घरातर्फे तो उभा राहिला, वडिलांना अग्नीही त्यानंच दिला असेल. गावात तुमच्या घराचा चेहरा म्हणजे तो आहे. आता धाकटा येणार, घर पाडणार, मोठं बांधणार, पाहुण्यांना खोल्या काढणार, आणि हे त्याला फोनवरून कळतं. त्याच्या मनात दोनच प्रश्न असतील : जमिनीचं काय, आणि माझं काय? ते तो विचारणार नाही, तुम्हीच काढावे लागतील. नुसतं ‘काय असेल ते बोल’ म्हटलं तर तो ‘काही नाही’ म्हणेल. त्यापेक्षा सांगा, ‘दादा, तू कसतोस ती जमीन मला नकोय, घराचं काय करायचं ते तू, मी, ताई आणि आई मिळून ठरवू.’ अर्थात मनात असेल तरच सांगा. भावाला शब्द देऊन मागे फिरण्यापेक्षा शब्द न दिलेला बरा.

जमिनीचं कागदावर काय आहे ते या बोलण्याआधीच बघून घ्या. सातबारा आणि आठ-अ आता घरबसल्या काढता येतात. वडिलांनंतर वारसनोंद झाली का आणि फेरफारात आई, तुम्ही दोघं आणि बहीण अशी सगळ्यांची नावं लागली का, ते तपासा. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘ती काही मागणार नाही’ हे तिच्या वतीनं कुणी ठरवू नये. सगळ्यांचं जमत असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीनं वाटप होतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय तेही नीट वाचा. डोंगरी गावांत तिथे ‘खाजगी वन’ किंवा वन कायद्याच्या कलम ३५(३)चा शेरा सापडतो, कधी जमीन भोगवटादार वर्ग २ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, निघते. असा शेरा असलेल्या तुकड्यावर पर्यटकांच्या खोल्या बांधायला निघालात तर सगळे पैसे अडकतील. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्या, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

घराबद्दल मात्र मला जरा अडून बोलायचं आहे. माझ्या एका चुलतभावानं आखातातून आल्यावर उतार तोडून सपाटी केली आणि दुमजली स्लॅबचं घर उठवलं. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या दारातून चिखल आत आला. माणसं वाचली. शंभर पावलांवरचं आजोबांचं कौलारू घर जसंच्या तसं उभं होतं. त्यात चमत्कार काही नव्हता. आपल्या डोंगरात काळ्या कातळावर झिजलेल्या मुरमाचा आणि मातीचा जाड थर असतो. दिवसेंदिवस पाऊस मुरत गेला की तो थर जड होतो, सैल होतो आणि कातळावरून घसरायला बघतो. उताराचा पायथा तोडला की त्याचा आधारच जातो. जुन्या माणसांनी घरं बांधताना पाण्याच्या वाटा सोडल्या होत्या, जेसीबीला त्या दिसत नाहीत. म्हणून बांधाच, पण उतार न तोडता, ओढ्याच्या तोंडापासून लांब, घरामागे पाणी काढून देणारा चर ठेवून. वरच्या रानात जमिनीला नवी भेग दिसली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ यायला लागलं, तर पावसाळा संपेपर्यंत तिथे झोपू नये. आणखी एक. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप माझ्या आईनं अनुभवला. त्या रात्रीबद्दल ती आजही फारसं बोलत नाही. आपला पट्टा भूकंपाचा आहे, त्यामुळे आराखडा गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. जुनं घर धडधाकट असेल तर आधी डागडुजी करून त्यात वर्षभर राहा. तेवढ्यात खिडकी कुठे हवी ते घरच सांगेल. पश्चिमेची मोठी खिडकी सुंदर खरी, पण पावसाची झड तिथूनच येते. आपल्याकडे त्या अंगाला पूर्वी झडपा बांधायचे, ते उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. ‘पत्नीची हरकत नाही’ आणि ‘मुलगी रुळेल’.

हरकत नाही म्हणजे होकार नव्हे. तुमच्या पत्नी नागपूरच्या. डोंगर त्यांच्या बालपणात नाही, तुमची बोली त्यांची नाही. तुम्ही तुमच्या गावी चालला आहात, त्या मात्र सासरी चालल्या आहेत, तेही एवढी वर्षं स्वतःच्या मर्जीनं घर चालवल्यावर. त्यांचं काम काय, ते इथे चालेल का, मैत्रीण कोण असेल, गाडी त्याच चालवणार का, जाऊबाईंशी त्यांचं नातं कसं आहे, यातलं काहीच पत्रात नाही. त्यांना एक कोरा कागद द्या आणि त्यांचं पत्र त्यांना लिहू द्या. मला पाठवलंत तरी चालेल.

मुलगी १३ वर्षांची आहे. सहा वर्षांचं मूल रुळतं. तेराव्या वर्षी मैत्रिणी हेच जग असतं. मराठी कळतं पण वाचता येत नाही, अशी ती असेल तर वाडीतून तालुक्याच्या गावी, मेढ्याच्या शाळेत जाणं तिला फार जड जाईल, आणि साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत रोज घाटातून ये-जा म्हणजे पावसाळ्यात रोजची काळजी. ती कॅनडाची नागरिक आहे. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, इथे राहता-शिकता येतं, पण ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनं नीट, जेईईसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या प्रवेशात ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतंच ठेवलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मागच्या काळापासून लावता येणार नाही असं म्हटलं, तेव्हा तुमच्या मुलीला तो लागतो का हे नीट विचारून घ्या. कॉलेजला ती पुन्हा कॅनडात जाणार असेल, तर मग चार-पाच वर्षांसाठी तिला उपटून लावायचं का, हा प्रश्न उरतो. तिच्याशी हे सगळं मोकळेपणी बोला, तिला काय वाटतं ते ऐका. ती ‘नाही’ म्हणाली तर तेही एक उत्तर आहे.

आता मार्ग. ‘कायमचं’ आणि ‘कधीच नाही’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे आणि तुमच्या घरातच त्याचं उदाहरण आहे. तुमचे वडीलही परतलेच होते. मशीद बंदरात पाठीवर ओझी वाहणारा माणूस यात्रेला, आवणीला, मयतीला गावी येत राहिला. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे. ते आमच्या पाटणचे. त्या पिढीतल्या हजारो जणांनी जावळी-पाटणच्या घरांत पैसा आणला, मुंबईच्या मंडळांतून देवळं बांधली, रस्त्यांसाठी खेटे घातले. गावातली त्यांची जागा कधी रिकामी झालीच नाही, म्हणून निवृत्तीनंतर येऊन बसताना त्यांना ती मागावी लागली नाही. तुमची जागा १७ वर्षांत थोडी बुजली आहे. ती हळूहळू मोकळी होईल, पण आधी नुसतं येत-जात राहावं लागेल. गावातल्या त्या जुन्या मुंबईकरांशी जरूर बोला. परतल्यावर पहिली दोन वर्षं कशी गेली ते तुमच्या कॅनडातल्या कुठल्याही मित्रापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

मी सुचवेन ते असं. पुढच्या वर्षी बिनपगारी रजा काढा किंवा लांबून काम करायची परवानगी मागा, आणि जूनपासून सप्टेंबरअखेर गावात राहा. आजवर तुम्ही आलात ते यात्रेला किंवा डिसेंबरात. आषाढात आला नाहीत. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तुमची वाडी त्याच ढगाखाली आहे. तीन-तीन दिवस वीज नाही, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, दरड पडून रस्ता बंद आणि त्यातच तुमची ऑफिसची मीटिंग. इंटरनेट तेव्हा किती चालतं ते तेव्हाच कळेल. इन्व्हर्टर, सोलर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी, हे सगळं त्या चार महिन्यांत करून बघा. आईच्या औषधपाण्याची खरी परीक्षाही तेव्हाच होते, कारण मेढ्याचं ग्रामीण रुग्णालय आणि साताऱ्याचं सिव्हिल नकाशावर जितकं जवळ दिसतं तितकं भर पावसात राहत नाही.

याने तुमचा कॅनडाचा दरवाजाही बंद होत नाही. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं, म्हणजे वर्षभर इथे राहूनही तो शाबूत राहील. तुमचे आतापर्यंतचे दिवस आधी मोजून घ्या, एवढंच.

चार महिन्यांनंतरही मन ठाम असेल, तर मधला पर्याय मला जास्त पटतो : घर साताऱ्यात करावं, शनिवार-रविवार आणि आवणी-कापणीला गावात असावं, आणि आईची इच्छा असेल तर पावसाळ्याचे दोन महिने तिला साताऱ्यात आणावं. मुलीला शाळा मिळते, पत्नीला स्वतःचं घर मिळतं, भावाला आपली जागा राखता येते आणि तुम्ही आईपासून तासा-दीड तासावर असता. कॅलगरीपासून ते फार लांबचं अंतर कापणं झालं. हे तुम्हाला अपुरं वाटेल याची मला कल्पना आहे. पण दीड पानाच्या त्या घराला दोन-तीन वर्षं थांबता येईल.

पैशांचं थोडक्यात सांगते, बाकी चांगल्या सीएकडे जा, आणि निघण्यापूर्वी जा. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं असा दर्जा मिळतो की परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही. पण गावात बसून कॅनडाच्या कंपनीचं काम केलंत तर तो पगार इथे कमावलेला धरतात, त्यावर कर लागतो. यात अनेक जण फसतात. कॅनडा कायमचा सोडताना तिथल्या काही मालमत्तेवर ती विकली असं गृहीत धरून कर आकारतात, तेही विचारून घ्या. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई, म्हणजे अनिवासींसाठीचं, खातं निवासी करून घ्यावं लागतं. आरोग्य विमा मात्र आजच बघा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात.

हे उत्तर लिहिताना माझ्यासमोर आणखी काही पत्रं आहेत. आजऱ्याची एक नर्स आयर्लंडहून लिहिते, अकोले तालुक्याच्या डोंगरातला एक मुलगा दुबईहून लिहितो. त्यांनाही मी हेच म्हणेन की सगळ्यांत वाईट ऋतूत आधी राहून बघा, आणि जे मागे राहिले त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय वीटही लावू नका. जे अजून भारतीय नागरिक आहेत त्यांनी दुसरं नागरिकत्व घेण्याआधी शेतजमिनीचे नियम पक्के समजून घ्यावेत. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.

तुम्ही विचारलंत, मी चुकतोय का. ओढ चुकलेली नाही. घाई मात्र आहे, आणि ती कुठून आली हे वर लिहिलंच आहे. या रविवारी बहिणीला फोन करा. त्यानंतर आईला करा, पण भाऊ घरात असताना आणि फोन स्पीकरवर ठेवून. घराचा विषय काढू नका. आषाढात तिघांनी यायचं म्हणतोय, कुठे निजायची सोय होईल, एवढंच विचारा. आणि मुलीसाठी गमबूट तिथूनच घेऊन या, तिच्या मापाचे मेढ्यात मिळतीलच असं नाही.